ईमेलवर मागवलेली लॉगिन लिंक वेळेत येत नाही तेव्हा

पासवर्ड विचारण्याऐवजी ग्राहकाच्या ईमेलवर एक लिंक पाठवायची आणि ती दाबल्यावर त्याला आत घ्यायचे, ही पद्धत अलीकडे अनेक संकेतस्थळांनी आणि ॲपनी स्वीकारली आहे. पासवर्ड लक्षात ठेवण्याचे ओझे उतरत असल्यामुळे नवख्या माणसाला ती सोपी वाटते, आणि लिंक अर्ध्या मिनिटात आली तर ती खरोखरच सोपी आहे. मात्र लिंक आली नाही तर काय करावे, हे पडद्यावर कोठेही लिहिलेले नसते. तेथे असते ते फक्त ‘लिंक पुन्हा पाठवा’ असे बटण, आणि घाईत असलेला माणूस तेच दाबत राहतो. सांगलीत विश्रामबाग भागात मी संगणक आणि मोबाइल वापराचे प्राथमिक वर्ग घेतो. तेथे येणारे निवृत्त शिक्षक, दुकानदार, गृहिणी आणि अर्ज भरणारे विद्यार्थी या सर्वांची ही अडचण मी इतक्या वेळा पाहिली आहे, की ती सोडवण्याचा क्रम एकदा नीट लिहून काढावा असे वाटले.

गेल्या उन्हाळ्यात, हळदीचे सौदे जोरात असताना, मार्केट यार्डातील एका अडतीवरचे दिवाणजी संध्याकाळी फोन घेऊन आले. फोनच्या काचेवर हळदीची पिवळी बोटे उमटली होती. हिशेबाच्या संकेतस्थळाची लिंक त्यांनी दुपारपासून सहा वेळा मागवली होती, आणि इनबॉक्समध्ये पाठवणाऱ्याच्या नावापुढे 6 हा आकडा दिसत होता, म्हणजे सहाही ईमेल एकाखाली एक गुंडाळून ठेवलेले होते. दिवाणजी दर वेळी वरचा पहिला ईमेल उघडत, त्यातली लिंक दाबत, ‘या लिंकची मुदत संपली आहे’ हा संदेश वाचत आणि पुन्हा नवी लिंक मागवत. नवी लिंक मागवली की आधीची रद्द करायची, असा त्या संकेतस्थळाचा नियम होता, त्यामुळे चालू लिंक फक्त सर्वांत खालच्या ईमेलमध्ये होती. तो ईमेल मी उघडला, पण तोवर त्यांनी शेजारच्या संगणकावर सातव्यांदा बटण दाबले होते आणि हातात आलेली सहावी लिंकही बाद झाली होती. पहिली लिंक दुपारीच आलेली होती. ती कोठे अडली होती एवढे पाहिले असते तर काम तेव्हाच झाले असते.

बटण एकदाच दाबा आणि वेळ लिहून ठेवा

पहिली पायरी म्हणजे लिंक एकदाच मागवावी, आणि बटण दाबल्याची वेळ घड्याळात पाहून कागदावर लिहावी. सकाळचे 10 वाजून 42 मिनिटे झाली असतील तर तेवढेच लिहावे. ‘साडेदहाच्या सुमारास’ असे लिहून पुढे उपयोग होत नाही. हा कागद या संपूर्ण शोधाचा आधार आहे, कारण ईमेलला उशीर झाला आहे की तो निघालाच नाही, हे ठरवण्यासाठी सुरुवातीची वेळ लागते आणि ती दुसरे कोणी आपल्यासाठी नोंदवून ठेवत नाही.

वेळ लिहिल्यानंतर किमान दहा मिनिटे पुन्हा बटण दाबू नये. या दहा मिनिटांत हातावर हात ठेवून बसायचे नाही, तर पुढच्या पायऱ्या करायच्या आहेत. पुन्हा दाबण्याचे तोटे तीन आहेत. आधीची लिंक बहुधा रद्द होते, हे दिवाणजींच्या बाबतीत दिसलेच. थोड्या वेळात एकाच पत्त्यासाठी फार मागण्या आल्या, तर काही संकेतस्थळे संशयाने त्या पत्त्याला काही काळ लिंक पाठवणेच थांबवतात. आणि एकसारख्या मजकुराचे ईमेल लागोपाठ आले, की जीमेल त्यांची एकच साखळी करते आणि पुन्हा आलेला मजकूर कधी कधी तीन टिंबांच्या छोट्या खुणेमागे झाकून ठेवते, त्यामुळे नवा ईमेल उघडल्यावर तो रिकामाच आहे असे वाटते. अशा वेळी ती तीन टिंबे दाबली की लिंक दिसते.

पत्ता बरोबर आहे का, हे अक्षरागणिक तपासा

लिंक मागवल्यावर बहुतेक संकेतस्थळे ‘हा पत्ता आमच्याकडे नोंदलेला असल्यास आम्ही लिंक पाठवली आहे’ अशा अर्थाचे वाक्य दाखवतात. नवखा माणूस त्यातले ‘पाठवली आहे’ एवढेच वाचतो. प्रत्यक्षात त्या वाक्यातला ‘असल्यास’ हा शब्द मुद्दाम घातलेला असतो. कोणता पत्ता नोंदलेला आहे आणि कोणता नाही हे परक्या माणसाला कळू नये, म्हणून पत्ता चुकीचा असला तरी संकेतस्थळ तेच वाक्य दाखवते आणि काहीही पाठवत नाही. त्यामुळे येणारच नसलेल्या लिंकची वाट पाहण्यात तासच्या तास जातात.

पत्ता वाचताना तो स्वतः लिहिला असेल तर दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगावा, कारण आपली चूक आपल्याच डोळ्यांना सहसा दिसत नाही. ‘जीमेल’मधील अक्षरांची अदलाबदल, ‘डॉट कॉम’च्या जागी ‘डॉट कॉन’, शेवटी राहिलेली मोकळी जागा या चुका मी आठवड्यातून एकदा तरी पाहतो. जीमेलच्या पत्त्यात ॲटच्या खुणेआधी टिंब दिले काय किंवा न दिले काय, गूगलच्या दृष्टीने पत्ता एकच असतो. पण ज्या संकेतस्थळावर आपण जातो आहोत त्याच्या नोंदवहीत टिंब असलेला आणि नसलेला पत्ता हे दोन वेगळे ग्राहक असू शकतात. म्हणून खाते उघडताना जो पत्ता जसा लिहिला होता, तसाच तो लिहावा. तो आठवत नसेल, तर त्या संकेतस्थळाकडून पूर्वी आलेला एखादा ईमेल शोधून तो कोणत्या पत्त्यावर आला होता हे पाहावे.

येथे आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते: खाते उघडून कोणी दिले? आपल्याकडे वडीलधाऱ्यांचे खाते बहुधा मुलगा, सून किंवा सेवा केंद्रातला माणूस उघडून देतो, आणि त्या घाईत स्वतःचाच ईमेल पत्ता लिहून टाकतो. अशी लिंक पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या फोनवर वेळेवर पोहोचत असते आणि सांगलीत वडील तिची वाट पाहत असतात.

टपालपेटीचे सगळे कप्पे पाहा

पत्ता बरोबर असेल तर आता ईमेलची पेटी पाहायची. प्रथम आपण बरोबर खात्यात आहोत का ते पाहावे. एका फोनवर दोन-तीन खाती असणे आता नेहमीचे झाले आहे. जीमेलच्या ॲपमध्ये वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवले की सध्या कोणते खाते उघडे आहे ते कळते, आणि ‘ऑल इनबॉक्सेस’ निवडले की सर्व खात्यांचे ईमेल एकत्र दिसतात.

त्यानंतर कप्पे. जीमेल आलेल्या ईमेलची वाटणी प्रायमरी, प्रमोशन्स, सोशल, अपडेट्स अशा कप्प्यांत करते, आणि लॉगिनची लिंक अपडेट्स किंवा प्रमोशन्समध्ये जाणे अगदी शक्य असते. प्रायमरीखेरीज इतर कप्प्यांतल्या ईमेलची सूचना फोन सहसा वाजवत नाही, त्यामुळे ईमेल वेळेत येऊनही तो आला हे कळत नाही. मग स्पॅमचा कप्पा पाहावा. शोधाच्या चौकटीत संकेतस्थळाचे नाव लिहून शोधले तरी स्पॅम आणि ट्रॅश हे दोन कप्पे त्या शोधात धरले जात नाहीत. ‘ऑल मेल’ या नावातही त्यांचा समावेश नसतो. म्हणून ते दोन्ही स्वतंत्रपणे उघडूनच पाहावे लागतात. स्पॅममध्ये लिंक सापडली तर ‘नॉट स्पॅम’ हे बटण दाबावे, म्हणजे ईमेल इनबॉक्समध्ये येतो आणि पुढच्या वेळी तो योग्य जागी पडण्याची शक्यता वाढते.

कधीतरी आपणच केलेली एखादी व्यवस्था आड येते. जाहिरातींना कंटाळून त्या संकेतस्थळाला ‘ब्लॉक’ केलेले असते, ईमेल परस्पर दुसऱ्या कप्प्यात टाकणारा फिल्टर कोणीतरी लावून ठेवलेला असतो, किंवा ती साखळी ‘म्यूट’ केलेली असते आणि मग तिच्यातला नवा ईमेल इनबॉक्समध्ये न दिसता थेट ऑल मेलमध्ये जाऊ शकतो. संगणकावर जीमेल उघडून सेटिंगमधील ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस’ हे पान एकदा पाहिले की पहिल्या दोन शंका मिटतात.

जागा संपली असेल तर मात्र ईमेल कोणत्याच कप्प्यात सापडणार नाही. गूगलच्या मोफत खात्याला 15 जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून वापरली जाते. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच जागेत मोजला जातो. लग्नाचे व्हिडिओ आणि गटांवर आलेली शुभेच्छांची चित्रे यांनी ती भरली, की नवे ईमेल पाठवणाऱ्याकडे परत जाऊ लागतात. जागा मोकळी केल्यानंतर परत गेलेला ईमेल आपोआप येईल असे धरून चालू नये. लिंक नव्याने मागवावी.

फोनने ईमेल उतरवून घेतला आहे का

ईमेल सर्व्हरवर, म्हणजे ईमेल घेणाऱ्या आणि साठवणाऱ्या कंपनीच्या संगणकावर, आलेला असतो, पण फोनने तो उतरवून घेतलेला नसतो, असे पुष्कळदा घडते. हे ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे तेच खाते संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडून पाहणे. तेथे लिंक दिसत असेल आणि फोनवर दिसत नसेल, तर दोष फोनच्या बाजूला आहे.

जीमेलच्या ॲपमध्ये यादी बोटाने खाली ओढून सोडली की ॲप नव्याने विचारणा करते. हे आधी करून पाहावे. मग ॲपच्या सेटिंगमध्ये आपल्या खात्याखाली ‘सिंक जीमेल’ची खूण आहे ना, हे पाहावे. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असल्यास फोन पडद्यामागे चालणारी ॲप थांबवतो आणि ईमेल आपण ॲप उघडेपर्यंत येत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये जीमेलला बॅटरीच्या निर्बंधातून वगळता येते आणि डेटा बचतीच्या सोयीतूनही सूट देता येते. हे पर्याय प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये वेगळ्या जागी असतात, म्हणून सेटिंगच्या शोधात ‘बॅटरी’ हा शब्द लिहून पोहोचणे बरे.

आयफोनच्या मूळ मेल ॲपमध्ये जीमेलचे खाते जोडले असेल, तर ते ॲप नवे ईमेल ठरावीक अंतराने जाऊन आणते. ‘फेच न्यू डेटा’ या सेटिंगमध्ये ते अंतर 15 मिनिटे, 30 मिनिटे किंवा एक तास असे ठेवता येते. आता लिंकची मुदतच 15 मिनिटे असेल आणि फोन तासाने एकदा जात असेल, तर ती लिंक वेळेत मिळण्याचा प्रश्नच येत नाही. अशा वेळी मेल ॲप हाताने उघडून यादी खाली ओढावी, किंवा जीमेलचे स्वतंत्र ॲप घ्यावे.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज गेली आणि परत आली, की घरातल्या वायफायची खूण फोनवर लगेच दिसू लागते, पण तिच्यामागचे इंटरनेट काही वेळ आलेले नसते. खूण दिसते म्हणून इंटरनेट आहे असे न मानता, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एकदा पाहावे.

उशीर नेमका कोठे झाला, हे वाचायला शिका

लिंक आली पण उशिरा आली, तर पुढच्या वेळेसाठी कारण समजून घेणे आवश्यक आहे, आणि यासाठी थोडे खोलात जावे लागते. एसएमएसचा किंवा व्हॉट्सॲपचा संदेश जसा क्षणात समोर येतो तसाच ईमेल यावा, अशी आपली अपेक्षा असते, पण ईमेल पोहोचवण्याची जी पद्धत आजही वापरात आहे तिचा मूळ आराखडा 1982 सालचा आहे, आणि तिने कधीही तत्काळ पोहोचवण्याची हमी दिलेली नाही. एसटीच्या कंडक्टरकडे दिलेली पिशवी सांगलीहून निघते, कराडला दुसऱ्या गाडीत चढते आणि साताऱ्याला उतरते, तसा ईमेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. पुढच्याने ‘आत्ता घेता येत नाही, थोड्या वेळाने आणा’ असे सांगितले, तर मागचा सर्व्हर तो ईमेल रांगेत ठेवतो आणि नंतर पुन्हा प्रयत्न करतो. दोन प्रयत्नांमध्ये किमान 30 मिनिटांचे अंतर असावे आणि चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नयेत, अशी शिफारस या पद्धतीच्या अधिकृत नियमावलीत आहे. पत्रव्यवहारासाठी हा नियम शहाणपणाचाच आहे, कारण त्यामुळे एखादा सर्व्हर दिवसभर बंद असला तरी पत्र हरवत नाही. पण दहा-पंधरा मिनिटांत बाद होणारी लिंक याच रस्त्याने पाठवली, की पहिला प्रयत्न फसल्याबरोबर ती बाद होऊनच पोहोचते.

पुढचा सर्व्हर ‘थोड्या वेळाने आणा’ असे का सांगतो, याची कारणे निरनिराळी असतात. काही महाविद्यालयांचे आणि कार्यालयांचे स्वतःचे सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याचा पहिला ईमेल मुद्दाम तात्पुरता नाकारतात. घाऊक स्पॅम पाठवणारे पुन्हा प्रयत्न करण्याच्या फंदात सहसा पडत नाहीत, तर खरा पाठवणारा पुन्हा येतोच, असा त्यामागचा हिशेब आहे. या युक्तीला ग्रेलिस्टिंग म्हणतात. महाविद्यालयाच्या पत्त्यावर पहिली लिंक अर्ध्या तासाने येते आणि दुसऱ्या दिवशी मागवलेली लगेच येते, त्याचे कारण बहुधा हेच असते. कधी पाठवणाऱ्याच्या बाजूलाच गर्दी असते: एखाद्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी हजारो लोक एकाच वेळी लिंक मागतात आणि रांग लांबते. कधी पाठवणाऱ्याने आपली ओळख पटवणारी व्यवस्था नीट लावलेली नसते. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन तपासण्या त्यासाठी असतात, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला सुमारे 5000 किंवा त्याहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी 2024 पासून त्या बंधनकारक केल्या आहेत. ज्यांच्या तपासण्या अपुऱ्या, त्यांचे ईमेल खोळंबतात, स्पॅममध्ये जातात किंवा परत पाठवले जातात.

यांपैकी काय झाले हे ईमेलवरूनच वाचता येते. संगणकावर जीमेल उघडून तो ईमेल काढावा, वर उजवीकडील तीन टिंबे दाबावी आणि ‘शो ओरिजिनल’ निवडावे. नव्या पानावर सुरुवातीलाच एक छोटा तक्ता येतो, त्यात ‘क्रिएटेड ॲट’ या ओळीत ईमेल तयार झाल्याची वेळ आणि तिच्यापुढे तो किती सेकंदांनी पोहोचला हे दिलेले असते. त्याच तक्त्यात वरील तीन तपासण्यांपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ असे लिहिलेले असते. खालचा अगम्य दिसणारा मजकूर पाहून घाबरू नये. आपले काम या तक्त्यावर भागते.

आता कागद पुढे घ्यावा. समजा, आपण 10:42 ला बटण दाबले, तक्त्यात तयार झाल्याची वेळ 10:42 आहे आणि पुढे 1873 सेकंद लिहिले आहेत. याचा अर्थ ईमेल लगेच लिहिला गेला, पण वाटेत 31 मिनिटे आणि 13 सेकंद पडून राहिला आणि 11:13 ला पोहोचला. आपल्या फोनचा येथे काही दोष नाही. समजा, तयार झाल्याची वेळच 11:10 आहे आणि पोहोचायला 3 सेकंद लागले. मग उशीर संकेतस्थळाच्या आतच झाला, त्यांच्याकडे मागणी पडून राहिली. आणि समजा, तयार झाल्याची वेळ 10:42, पोहोचायला 3 सेकंद, पण आपल्याला तो दिसला 11:13 ला. तर तो इतका वेळ आपल्याच पेटीत होता, आणि मागील दोन पायऱ्या पुन्हा नीट करायला हव्यात. वर्गात मी हे तिन्ही प्रकार फळ्यावर लिहून दाखवतो, आणि आयुष्यभर शाळेचे हजेरीपट सांभाळलेल्या निवृत्त शिक्षकांना ते माझ्यापेक्षा लवकर जमते.

ज्यांना आणखी पुढे जायचे असेल त्यांनी त्याच पानावर ‘रिसीव्ह्ड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचाव्यात, कारण प्रत्येक सर्व्हर आपली नोंद आधीच्या नोंदीच्या वर करतो. वेळा मात्र वेगवेगळ्या देशांच्या असतात. खालच्या ओळीत 05:12:20 आणि पुढे अधिक 0000 असेल, तर साडेपाच तास मिळवून आपली वेळ 10:42:20 येते. वरच्या ओळीत आदल्या दिवशीचे 22:43:33 आणि पुढे उणे 0700 असेल, तर साडेबारा तास मिळवून 11:13:33 येते. आदल्या दिवसाची तारीख पाहून अनेकांना ईमेल मागवण्याआधीच आला की काय असे वाटते. तो फक्त अमेरिकेतल्या घड्याळाचा फरक आहे.

लिंक आली, पण चालत नाही

लिंकची मुदत ईमेलमध्ये बहुधा लिहिलेली असते. ती वाचावी आणि साखळीतला सर्वांत नवा ईमेलच उघडावा. एवढे करूनही ‘ही लिंक आधीच वापरली गेली आहे’ असा संदेश आला, तर ती आपल्याआधी दुसऱ्या कोणी वापरली का, हा विचार करावा. काही कार्यालयांच्या ईमेल व्यवस्थेत सुरक्षा तपासणारा प्रोग्राम असतो, आणि तो प्रत्येक लिंक धोकादायक आहे का हे पाहण्यासाठी स्वतःच ती उघडतो. एकदाच चालणारी लिंक त्या तपासणीतच खर्च होते. कार्यालयाच्या पत्त्यावर हे वारंवार होत असेल, तर त्या खात्याला खासगी पत्ता जोडणे किंवा आपल्या संगणक विभागाला सांगणे हाच मार्ग आहे.

दुसरी नेहमीची गफलत म्हणजे लिंक मागवायची संगणकावर आणि उघडायची फोनवर. मग लॉगिन फोनवर होते किंवा होतच नाही, कारण काही संकेतस्थळे ज्या ब्राउझरमधून मागणी आली त्याच ब्राउझरमध्ये लिंक उघडावी अशी अट घालतात. एकाच फोनवरही ईमेल ॲपच्या आत उघडणारी खिडकी आणि आपला नेहमीचा ब्राउझर हे दोन वेगळे ठरू शकतात. अशा वेळी लिंकवर बोट दाबून धरावे, ‘कॉपी’ निवडावे आणि ज्या ब्राउझरमध्ये मागणी केली होती तेथे पत्त्याच्या पट्टीत ती चिकटवावी. लिंकसोबत सहा अंकी कोडही आलेला असेल तर तो वापरणे अधिक सोपे.

सेवा केंद्रातल्या किंवा मित्राच्या संगणकावर ईमेल उघडणार असाल, तर ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी, म्हणजे बंद केल्यावर आपले लॉगिन मागे न ठेवणारी खिडकी, वापरावी आणि काम झाल्यावर संकेतस्थळ व ईमेल या दोन्हींतून बाहेर पडून ती बंद करावी. ही लिंक म्हणजे आपल्या खात्याची किल्ली आहे. ती मदतीसाठीसुद्धा व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवू नये, आणि आपण मागवलेली नसताना आलेली लॉगिनची लिंक कितीही खरी दिसली तरी दाबू नये. अशा लिंकवरून कोणाचे पैसे गेलेच, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

संकेतस्थळाच्या ग्राहकसेवेला काय लिहावे

वरील सर्व पायऱ्या करूनही दोन स्वतंत्र प्रयत्नांत, म्हणजे मध्ये किमान एक तास ठेवून, लिंक आली नाही, तर दोष आपल्याकडे नाही असे मानायला हरकत नाही. एक कारण तर असे आहे जे आपल्याला कधीच दिसू शकत नाही: पूर्वी आपली पेटी भरलेली असताना त्यांचा ईमेल परत गेला असेल, किंवा आपण त्यांच्या एखाद्या जाहिरातीवर ‘स्पॅम’ची खूण केली असेल, तर त्यांची ईमेल पाठवणारी यंत्रणा आपला पत्ता वगळलेल्या पत्त्यांच्या यादीत टाकू शकते आणि मग पुढे काहीच पाठवत नाही. या यादीतून पत्ता काढणे त्यांच्याच हातात असते, आणि ‘लिंक येत नाही, मदत करा’ एवढ्याच तक्रारीवर ती यादी तपासण्याचे कोणाला सुचत नाही. म्हणून तक्रार अशी लिहावी:

“महोदय, माझे खाते या ईमेल पत्त्यावर आहे. आज भारतीय वेळेनुसार सकाळी 10:42 आणि दुपारी 12:05 अशी दोन वेळा मी लॉगिन लिंक मागवली. इनबॉक्स, प्रमोशन्स, अपडेट्स, स्पॅम आणि ट्रॅश हे कप्पे मी फोनवर आणि संगणकावर तपासले असून कोठेही आपला ईमेल नाही. माझ्या खात्यात पुरेशी जागा आहे आणि इतर ठिकाणचे ईमेल येत आहेत. कृपया माझा पत्ता आपल्या ईमेल यंत्रणेच्या वगळलेल्या पत्त्यांच्या यादीत आहे का, आणि वरील दोन वेळी ईमेल पाठवला गेला का, हे तपासून कळवावे.”

लिंक उशिरा येत असेल, तर तक्त्यातले सेकंद आणि तपासण्यांचे निकाल यात जोडावे. उत्तर त्याच पेटीत येणार असेल आणि तीच पेटी संशयाखाली असेल, तर उत्तरासाठी दुसरा पत्ता द्यावा. पडद्याचे छायाचित्र जोडताना त्यात चालू असलेली लिंक दिसत नाही ना, एवढे पाहावे.

खाते एकदा उघडले, की त्याच बैठकीत दोन कामे उरकून घ्यावीत. लिंक ज्या पत्त्यावरून आली तो पत्ता संपर्कांत जतन करावा आणि संगणकावर त्या पत्त्यासाठी ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ असा फिल्टर लावावा. तसेच खात्याच्या सेटिंगमध्ये पासवर्ड, पासकी (फोनचे कुलूप उघडतो तसे बोटाच्या ठशाने किंवा पिनने आत शिरण्याची सोय) किंवा मोबाइल क्रमांकावरील कोड यांपैकी आत शिरण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध असेल, तर तो सुरू करावा. ज्या संकेतस्थळावर एखाद्या अर्जाची अंतिम तारीख आहे, तेथे तर आठवडाभर आधी एकदा लिंक मागवून, ती किती मिनिटांत येते आणि कोणत्या कप्प्यात पडते हे त्याच कागदावर लिहून ठेवावे. दिवाणजींनी तो कागद आता अडतीवरच्या रोजमेळाच्या वहीत, पहिल्या पानाच्या आत, टाचणीने लावून ठेवला आहे.